आयुष्याला वळण देणारं पुस्तक किंवा सिनेमा: त्यानंतर तुम्ही नेमकं काय केलंत?

काळीभोर

नमस्कार मंडळी. आवडत्या पुस्तकांच्या याद्या आपण इथे नेहमीच करतो, वाचायलाही मजा येते. या धाग्यावर मात्र यादी नको. एकच पुस्तक किंवा एकच सिनेमा सांगा, आणि तो संपल्यावर तुम्ही काय केलंत ते सांगा. ‘प्रेरणा मिळाली’, ‘जगाकडे बघायची दृष्टी बदलली’ एवढ्यावर थांबू नका. कोणता अर्ज भरलात, कोणाच्या दारात गेलात, घरी काय मागितलंत, हे वाचायचंय.

सुरुवात माझ्यापासून करते. माझं पुस्तक वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. राजहंसनं १९८१ साली काढलेलं. माझ्या मामेबहिणीला ते वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं, तिच्याकडून ते माझ्याकडे आलं तेव्हा मी नववीत होते.

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातलं, शेती कोरडवाहू. बाबांच्या वावरात दरसाल पऱ्हाटीच, म्हणजे कापूस. मधे एखाददोन तास, म्हणजे ओळी, तुरीचे, तेही घरच्या वरणापुरते. जमीन काळी, कसदार म्हणून नावाजलेली, पण मोठे बाबा सांगायचे की पूर्वी याच वावरात नुसत्या शेणखतावर जे पीक यायचं ते आता पोत्यांनी खत टाकूनही येत नाही. त्याचं कारण कोणी सांगत नव्हतं. ‘जमीन थकली’ एवढंच सगळे म्हणायचे.

व्याख्यानांत कार्व्हर येतो तो ठरलेल्या रूपात. अमेरिकेतल्या गुलामाचं पोर, आईसकट पळवून नेलेलं, मालकानं घोडा देऊन परत मिळवलेलं, पुढे जिद्दीनं शास्त्रज्ञ झालेलं. हे सगळं खरंच आहे आणि त्यानं मलाही रडवलं होतं. पण मला धरून ठेवलं ते पुढच्या भागानं. १८९६ साली टस्कीगीच्या कृष्णवर्णीयांसाठीच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून हा माणूस आयोवातलं चांगलं कृषी महाविद्यालय सोडून अलाबामातल्या टस्कीगीला येतो. तिथे प्रयोगशाळा नाही. मग विद्यार्थ्यांना घेऊन उकिरडे धुंडाळतो, बाटल्या-डबे-तारा वेचून आणतो आणि त्यातून उपकरणं उभी करतो. बाहेर बघावं तर कापसानं वर्षानुवर्षं पिळून काढलेली जमीन. विकतचं खत तिथल्या शेतकऱ्याला परवडणार नाही हे त्याला ठाऊक, म्हणून तो रानातला पालापाचोळा आणि दलदलीचा गाळ शेतात घालून दाखवतो. चवळी लावा, भुईमूग लावा, रताळी लावा म्हणतो. शेंगांच्या पिकाच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात, हे त्याच्या सांगण्याचं मूळ.

कापसानं थकलेली जमीन! आमच्या घरात रोज होणारी गोष्ट कोणीतरी छापली होती, वर तिचं कारण दिलं होतं आणि उपायही.

दिवस पावसाळ्याचे होते. शेजारच्या काकांच्या वावरात मूग फुलावर होता. त्यांना विचारून मी एक झाड खुरप्यानं मातीसकट काढलं आणि बादलीत मुळं हलक्या हातानं खळबळून घेतली. माती सुटली आणि बारीक मुळांना चिकटलेल्या गाठी दिसायला लागल्या, काही मोहरीएवढ्या, काही ज्वारीएवढ्या. एक नखानं फोडली. आतून ती लालसर गुलाबी निघाली, पिकलेल्या गावरान पेरूच्या गरासारखी. पुस्तकात वाचलेली गोष्ट माझ्या नखावर होती. हा रंग गाठीतल्या लेगहिमोग्लोबिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि आतून गुलाबी म्हणजे गाठ काम करतेय, हे मला पुढे कॉलेजात कळलं.

मग मी बाबांकडे धुऱ्याकडचा तुकडा मागितला. बाबा म्हणाले, ‘पऱ्हाटीचे पैसे एकरकमी हाती येतात. मुगाचे कोण देतं?’ त्यांचं बोलणं बरोबर होतं. दुकानदाराची उधारी कापसावरच फिटायची. आईनं माझी बाजू घेतली, घरात वर्षभराची डाळ होईल म्हणाली, आणि तुकडा मिळाला. मूग, त्यावर हरभरा, आणि पुढच्या खरिपात तिथे परत पऱ्हाटी. डवरणी करताना बाबा त्या तासांशी स्वतःच थांबले आणि पानं बघू लागले. त्यांनी तोंडानं काही म्हटलं नाही, पण पुढच्या वर्षी तुरीचे तास वाढवले.

बारावीनंतर घरच्यांना मी डी.एड. करावं असं वाटत होतं. मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा फॉर्म भरला. आज तालुक्याच्या गावी माझी माती-पाणी परीक्षणाची लहानशी लॅब आहे. त्या पुस्तकाशिवाय मी इथे आले नसते, हे मला स्वच्छ दिसतं.

आता तुम्ही सांगा.

शेवंती

वाखू (वाचनखूण) साठवली. आत्ता ऑफिसात आहे, माझं नंतर लिहिते. मुगाच्या गाठीचं वाचून अंगावर काटा आला.

पाटकरी

तुमची अट आवडली म्हणून लिहायला बसलो.

माझं पुस्तक आनंद यादवांचं ‘झोंबी’. १९८७ चं. मी कागल तालुक्यातलाच, त्यामुळं त्यातली भाषा वाचायची नसते, ती कानावर पडते. शेतात राबणाऱ्या पोराला शाळा हवी आहे आणि बापाला पोर शेतावर हवंय, एवढीच गोष्ट. पण ज्याच्या घरात ती घडलीय त्याला एवढीच म्हणता येत नाही.

आमच्या आण्णांनी मला नववीत असताना शाळेतनं काढायचं ठरवलं. ऊस लागण नवी, मोटारीला रात्रीची लाईट, आणि पाण्याला माणूस नाही. त्यात त्यांचा दुष्टपणा काही नव्हता, गडी परवडत नव्हता. आमच्या मराठीच्या सरांना हे कळलं. त्यांनी मला काही सांगितलं नाही, ‘झोंबी’ हातात ठेवली आणि म्हणाले, आठवड्यात परत दे.

मी ती मोटारीच्या खोलीत बसून वाचली. एक सरी भरायला जो वेळ लागतो त्यात दोन-तीन पानं व्हायची, मग उठून पाण्याचं बारं बदलायचं, परत येऊन वाचायचं. त्यात तो भाग आला. आनंद आणि त्याची आई रात्री दत्ताजीराव देसायांकडं जातात. वडील ज्यांचा शब्द मोडणार नाहीत असा गावातला तो एकच माणूस. दोघं त्यांना सगळं सांगतात, आणि आम्ही आलो होतो हे मात्र बोलू नका म्हणतात. मग दत्ताजीराव वडिलांना बोलावून घेतात आणि पोराला शाळेत घालायला लावतात. पोरानं सकाळी अकरापर्यंत शेतात राबायचं, मग शाळा, सुटल्यावर गुरं चारायची, असा करार ठरतो.

मी पुस्तक मिटलं आणि आमच्या गावात असा माणूस कोण याचा विचार केला. सोसायटीचे एक जुने चेअरमन होते, आण्णा त्यांच्यापुढं बसतसुद्धा नसत. आईला घेऊन त्यांच्याकडं गेलो. पुस्तकात जसं बोललेत तसंच बोललो, अगदी ‘आमचं नाव सांगू नका’सुद्धा. दुसऱ्या दिवशी त्यांनी आण्णांना चहाला बोलावलं. करार झाला. पहाटेचं पाणी माझं, शाळा माझी, संध्याकाळची वैरण माझी. दहावी झालो, आय.टी.आय.ला वायरमनला गेलो, आज एका आय.टी.आय.मध्ये शिल्प निदेशक आहे.

काम अजून चालूच आहे. गळीत हंगाम सुरू झाला की वर्गातली काही पोरं गायब होतात. मी घरी जाऊन बापाशी थेट बोलत नाही. बाप ज्याचं ऐकतो तो माणूस आधी शोधतो. कुणाचा मामा असतो, कुणाचा तालमीतला वस्ताद, एकदा तर भजनी मंडळाचे बुवा निघाले. बापाची मान खाली न जाता पोर परत यायला पाहिजे. ‘झोंबी’नं मला हे शिकवलं.

त्या पुस्तकातल्या सौंदलगेकर मास्तरांबद्दलही लिहायचं होतं. पाणी पाजताना कविता म्हणणारं, म्हशीच्या पाठीवर काडीनं ओळी लिहिणारं ते पोर मराठीत दुसरीकडं सापडायचं नाही. पण ते अटीत बसत नाही, मी कविता केल्या नाहीत.

काळीभोर

पाटकरीदादा, ‘बापाची मान खाली न जाता’ हे मी जपून ठेवणार आहे. शेतकऱ्याला ‘तुमची जमीन बिघडली’ असं सांगताना मला हेच जपावं लागतं. आणि कवितेचं अटीत बसत नसलं तरी लिहा.

दर्याकाठ

माझा सिनेमा ‘श्वास’. २००४. तेव्हा मी बी.ए.ला होते, आणि कॉलेजच्या आम्ही सगळ्या मैत्रिणी मिळून सावंतवाडीला जाऊन बघितला. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, पुढे ऑस्करला भारतातर्फे गेला, ते सगळं पेपरात यायचं. आम्हांला मात्र आपल्या कोकणातला आजोबा पडद्यावर बघायचा होता.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: आजोबा नातवाला, परश्याला, घेऊन शहरात येतात. परश्याच्या दोन्ही डोळ्यांत कॅन्सर आहे. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार, म्हणजे पोर कायमचं आंधळं. हे त्या पोराला सांगायचं कुणी आणि कसं, यावर सिनेमा उभा आहे. अरुण नलावडे यांनी केलेले आजोबा वाक्य सुरू करतात आणि ते त्यांच्याच घशात अडकतं. शस्त्रक्रियेच्या आधी ते नातवाला हॉस्पिटलातून गुपचूप बाहेर घेऊन जातात, डोळे आहेत तोवर त्याला जग बघू दे म्हणून.

मैत्रिणी आजोबांसाठी रडत होत्या. मी अमृता सुभाष यांच्या आसावरीकडे बघत होते. ती हॉस्पिटलातली समाजसेविका. डॉक्टर नाही, नर्स नाही, नातेवाईक नाही. गावाहून आलेल्या गोंधळलेल्या माणसाला कुठली खिडकी, कुठला कागद, पैसे कुठून, हे सांगणारी आणि त्याच्या बाजूला बसून राहणारी. असं काम असतं आणि त्याचा पगार मिळतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. परत येताना एस.टी.त मी हेच विचारत होते की यासाठी शिकायचं काय असतं. एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, हे उत्तर सापडायलाही बरेच दिवस गेले. आज मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे.

आमच्याकडे मुलांच्या बाबतीत घरचे पहिल्यांदा म्हणतात, ‘त्याला काही सांगू नका.’ मी त्यांच्याशी वाद घालत नाही. एक बाहुली ठेवलीय, तिच्या एका डोळ्यावर पट्टी आहे. मूल आपणहून तिच्याशी खेळायला लागतं, ‘हिला काय झालं’ विचारतं, आणि तिथून पुढचं त्याच्या वयाला झेपेल तेवढंच, पण खरं सांगता येतं. कृत्रिम डोळा लागणार असेल तर तो आधी आईच्या तळहातावर ठेवते, मग मुलाच्या. हातात घेतल्यावर त्याची भीती कमी होते.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, म्हणून इथे मुद्दाम लिहिते. लहान मुलाचा फ्लॅश मारून फोटो काढला आणि डोळ्याच्या बाहुलीत लाल ठिपक्याऐवजी पांढरी चमक दिसली, तर ‘कॅमेऱ्याचा दोष’ म्हणून सोडू नका. दर वेळी तो कॅन्सरच असतो असं नाही, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर, बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांत सापडतो, आणि लवकर सापडला तर जीव बहुधा वाचतोच, पुष्कळदा डोळाही वाचवता येतो.

माजघर

‘उंबरठा’, १९८२. पण माझा नाही, आईचा. लग्नानंतर सोडलेली शिक्षिकेची नोकरी तिनं तो बघून आल्यावर पुन्हा शोधायला सुरुवात केली, हे आम्हां भावंडांना घरात सगळ्यांनी सांगितलंय. तिच्याकडून नीट ऐकून लिहिते. स्मिता पाटीलचा तो चेहरा तिला अजून शॉटनिशी आठवतो.

जुनी_नोंदवही

काळीभोरताई, तुमचं आणि वरच्या दोघांचं लेखन मनापासून आवडलं. पण तुमची अट मला अपुरी वाटते, आणि ते इथे म्हणायला हवं.

मी खानदेशातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात आयुष्य काढलं. ‘ब’ वर्गाचं, तालुक्याच्या गावचं. पुस्तकं देवघेवीला जाताना आणि परत येताना मी पाहिली आहेत. तुम्ही विचारता, वाचून काय केलंत. अर्ज, नोकरी, शेत, कॉलेज. माझ्यासमोर जे वाचक उभे राहिले त्यांतल्या बहुतेकांना काही करायला वावच नव्हता. त्यांच्या आयुष्याला पुस्तकानं आकार दिला नाही, असं मी म्हणू शकत नाही.

एक बाई यायच्या. दुपारी, घरातलं आवरून. नवरा तऱ्हेवाईक, कधी चार-चार दिवस न सांगता घरातून जायचा, गावाला ठाऊक होतं. एकदा त्यांना लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ दिलं. आठवड्यानं परत आलं. पुन्हा त्याच पुस्तकाची मागणी. मुदत वाढवून, परत करून, पुन्हा नेऊन, ते पुस्तक जवळजवळ त्यांच्याच घरी असायचं. त्याची बांधणी सुटली तेव्हा मी खळ लावून, कापडी पट्टी मारून ते नीट केलं, कारण दुसरी प्रत मागवेपर्यंत त्या थांबणार नव्हत्या.

मी एकदा विचारलं, काय आहे यात एवढं? त्या म्हणाल्या, ‘भाऊ, हिच्यावर किती आलं, पण ही रडत बसत नाही. सांगते.’

‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना याचा अर्थ कळेल. टिळक न सांगता घर सोडून जायचे, हातात पैसा टिकायचा नाही. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंचं सगळं जगच फाटलं. काही वर्षं दोघं वेगळे राहिले, पुढे १९०० साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला, तोही आपला आपण विचार करून. शाळेत न गेलेल्या या बाईनं १९३४ पासून हे लिहून छापलं, आणि त्यात नवऱ्याबद्दल कडवटपणाचं एक वाक्य सापडत नाही. हसून सांगतात, आणि त्या हसण्यात काहीही लपवत नाहीत. आपल्या भाषेतलं मला सगळ्यांत मोठं वाटणारं हे गद्य आहे.

त्या वाचक बाईंचं आयुष्य बाहेरून तसंच राहिलं. तोच नवरा, तेच घर. पण पूर्वी त्या पुस्तक घेऊन मान खाली घालून निघून जायच्या, त्या पुढे टेबलाशी थांबून घरातल्या गोष्टी सांगायला लागल्या. तपशिलानं, हसत. इतर बायकाही थांबायच्या, ऐकायच्या, मग आपलं सांगायच्या. दुपारच्या वेळी आमच्या वाचनालयात बायकांचा आवाज यायला लागला. तुमच्या प्रश्नात हे कुठे बसवायचं?

काळीभोर

काका, हे प्रश्नात अगदी मधोमध बसतं. जी बाई मान खाली घालून जायची ती थांबून सांगायला लागली, यापेक्षा मोठी कृती मला सुचत नाही. पाटकरीदादा दत्ताजीरावांसारखा माणूस शोधायला बाहेर पडले आणि तुमच्या बाईंनी घरात राहून तोंड उघडलं. माझ्या मनात हे सगळं ‘केलं’ यातच येतं. ‘खूप भावलं’ म्हणून जे थांबतं, तेवढंच मला नको होतं.

तुमच्यामुळे मीही नव्यानं विचार केला. माझ्यावर कार्व्हरचा सगळ्यांत जास्त परिणाम कशाचा झाला? कॉलेजचा नाही, लॅबचाही नाही. जेसप वॅगनचा. १९०६ साली टस्कीगीहून एक घोडागाडी निघाली. मॉरिस जेसप नावाच्या गृहस्थांनी पैसे दिले म्हणून तिचं नाव जेसप वॅगन. कार्व्हरनं तिची आखणी केली आणि टॉमस कॅम्बेल ती घेऊन गावोगाव फिरला. अवजारं, बियाणं, खताचे नमुने सगळं गाडीत. शेतकरी कॉलेजात येऊ शकत नाही, मग कॉलेजच त्याच्या बांधावर न्यायचं.

माझ्या लॅबमध्ये बसून राहिले तर येतात ते मोठे बागायतदार, संत्र्या-मोसंब्याची झाडं असलेले. ज्याच्याकडे चार एकर कोरडवाहू आहे तो येत नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी मी एक पेटी घेऊन बाहेर पडते. पेटीत सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा) बघायची पट्टी, भिंग, खुरपं, एका बाटलीत पाण्यात हलवून ठेवलेली माती. माती थर धरते ना, खाली रेती, वर पोयटा, त्यावर चिकणमाती, ते लोक थांबून बघतात. बाटली उचलून उजेडाकडे धरतात. आकड्यांचा कागद हातात दिला तर घडी करून खिशात जातो, पण बाटली बघितलेला माणूस पुढच्या बाजाराला स्वतःच्या वावरातली मूठभर माती घेऊन येतो.

२०१७ च्या खरिपात आमच्याकडे गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली. बोंडं हिरवी दिसायची आणि उघडली की आतून किडलेली. त्या दिवाळीत कित्येक घरांत चूल पेटवायचंही कोणाच्या मनात नव्हतं. तेव्हा मी लोकांना अलाबामातल्या एंटरप्राइज गावाची गोष्ट सांगायला लागले. तिथे सोंडकिड्यानं कापूस संपवला, शेतकरी भुईमुगाकडे वळले, त्यावर गाव सावरलं, आणि १९१९ मध्ये त्यांनी भर चौकात त्या किड्याचं स्मारक उभारलं. आमच्याकडे लगेच तसं काही झालं नाही. भुईमुगाला रानडुकरं आहेत, मुगाला बाजार नाही, हमीभाव असला तरी खरेदी केंद्र वेळेवर उघडेल याचा भरवसा नाही. त्यामुळे ‘कापूस सोडा’ असं मी कोणाला सांगत नाही. पऱ्हाटीच्या सहा-आठ तासांमागे तुरीचे दोन तास, आणि एका तुकड्यात फेरपालट, एवढंच मागते. मी बाबांकडे मागितलं होतं तेवढंच.

जुनी_नोंदवही

मग अट मान्य. आणि तुमच्या बाटलीची गोष्ट मी आमच्या वाचनालयात सांगणार आहे.

शेवंती

आले परत. लिहिण्याआधी एक शंका. शाळेत भाषणात आम्ही ‘कार्व्हरनी पीनट बटरचा शोध लावला’ असं म्हणायचो. ते खरं का?

काळीभोर

नाही, शेवंती. शेंगदाण्याच्या पेस्टचं अमेरिकन पेटंट १८८४ मध्येच कॅनडाच्या मार्सेलस एडसन यांनी घेतलं होतं, तेव्हा कार्व्हर अजून कॉलेजातही पोचला नव्हता. त्याच्या स्वतःच्या नावावर तीनच पेटंटं आहेत, ती सौंदर्यप्रसाधनं आणि रंगांची. त्यानं केलं ते वेगळं. भुईमूग लावा म्हटल्यावर ‘एवढ्या शेंगांचं करू काय’ हा प्रश्न येणारच, म्हणून त्यानं शेंगदाण्याचे शेकडो उपयोग शोधले आणि १९१६ च्या पत्रिकेत लागवडीच्या माहितीसोबत खाण्याच्या १०५ कृती छापल्या. सूप, भाकरी, बिस्किटं, सगळं. माझ्या बाबांचा ‘मुगाचे पैसे कोण देतं’ हा प्रश्न त्यालाही रोज ऐकावा लागत असणार. पिकाच्या पुढची वाट त्यानं स्वयंपाकघरातून काढली, आणि माझ्या दृष्टीनं हे कुठल्याही पेटंटापेक्षा मोठं आहे.

मेंढवाडा

मी माणदेशात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, त्यामुळे माझं पुस्तक तुम्ही ओळखलं असेल. ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा सुरू करतो, लोकांना हाताशी धरून तालीम बांधतो, आणि दुष्काळ पडला की वाडी मेंढरं घेऊन निघून जाते. शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतःला जुंपून घेते ते पान मला अजून एका दमात वाचता येत नाही.

नोकरीच्या सुरुवातीला मला दुसरी, रस्त्यावरची शाळा मिळत होती. हे पुस्तक परत वाचलं आणि वाडीवरची घेतली. पटावरची मुलं पावसाच्या हिशोबानं कमी-जास्त होतात. बाहेर जाणाऱ्या मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे जिथं जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येतं. पण नुसता कागद देऊन भागत नाही. कळप कुठल्या वाटेनं जाणार हे घरच्यांकडून लिहून घेतो आणि त्या वाटेवरच्या शिक्षकांना फोन करून ठेवतो. बनगरवाडीच्या मास्तरला ही सोय नव्हती. त्याची वाडी उठली आणि शाळाच संपली.

माझं तुमच्याकडे काम वेगळंच आहे ताई. तुमची ती गाठी बघायची रीत आमच्या पाचवी-सहावीच्या पोरांना करता येईल का? आमच्याकडे मटकी, हुलगा असतो. मूग थोडा.

काळीभोर

मेंढवाडा सर, नक्की येईल. मटकी आणि हुलगा दोन्ही चालतील, दोघांच्याही मुळांवर गाठी येतात.

पीक फुलावर येण्याच्या सुमारास करा. फार आधी गाठी लहान असतात आणि शेंगा पक्व व्हायला लागल्या की झडतात. झाड उपटायचं नाही, उपटलं की गाठी मातीतच राहतात आणि पोरं म्हणतात ‘काहीच नाही’. झाडाभोवती वीतभर अंतर सोडून खुरप्यानं गोल खणा आणि मातीचा गड्डा तसाच उचला. बादलीत बुडवून ठेवा, माती आपोआप सुटू द्या, धार मारू नका. मग पांढऱ्या कागदावर मुळं पसरा. प्रत्येक मुलाला एक गाठ द्या आणि नखानं फोडायला सांगा. आतून गुलाबी म्हणजे चालू, पांढरी किंवा हिरवट म्हणजे बंद. एक झाड बांधाजवळचं घ्या, एक मधल्या शेतातलं, एक जिथे मेंढरं बसवली होती तिथलं. तिन्हींच्या गाठी मोजायला लावा आणि फरक का पडला हे पोरांनाच विचारा. खतावलेल्या जागी गाठी कमी निघाल्या तर घाबरू नका, जमिनीत नत्र आयता असला की झाड गाठी कमी धरतं. धनगरांच्या पोरांना यावर तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त सांगता येईल.

भिंगं आणि सामूची पट्टी मी पोस्टानं पाठवते. व्यक्तिगत निरोपात शाळेचा पत्ता आणि पोरं किती ते कळवा. आणि तिथली थोडी माती पाठवा, अर्धा किलो पुरे. एका जागची नको, शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची घ्या, झाडाखालची आणि बांधालगतची टाळा. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा, आत चिठ्ठीवर शेतकऱ्याचं नाव आणि मागचं पीक लिहा. तपासणीचे पैसे नाहीत.